दीवचा आमदार कुठे गेला?

दीवचे नाव निघाले की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे पोर्तुगीजांचा किल्ला आणि दुसरी म्हणजे दारूबंदीच्या गुजरातला खेटून मिळणारी स्वस्त दारू. मला मात्र या दोन्हींपेक्षा तिथल्या छोट्याशा नगरपालिकेविषयी लिहावेसे वाटते, कारण दीवच्या रहिवाशाला घरून चालत जाऊन ज्यांना जाब विचारता येईल असे लोकनियुक्त प्रतिनिधी आता नगरपालिकेत आणि पंचायतींत, एवढेच काय ते उरले आहेत. ही वेळ त्या बेटावर कशी आली, याचा धागा थेट गोव्याशी आणि म्हणून मराठी वाचकाशी जुळतो.

डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याबरोबरच दमण आणि दीवही पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले आणि तिन्हींचा मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. १९६३ च्या कायद्याने त्याला तीस जागांची विधानसभा मिळाली, त्यांपैकी अठ्ठावीस जागा गोव्याच्या, एक दमणची आणि एक दीवची. पणजी रस्त्याने हजाराहून अधिक किलोमीटर दूर असली, तरी तिथल्या सभागृहात दीवचा म्हणून एक माणूस उभा राहून बोलू शकत होता. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (चिन्ह ‘फूल’) की वेगळा ठेवायचा (चिन्ह ‘दोन पाने’) यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी घेतलेल्या जनमत कौलावर आपल्याकडे आजही हिरिरीने वाद होतात, परंतु त्याच दिवशी दमण आणि दीवमध्येही मतदान झाले होते आणि तिथे प्रश्न गुजरातमध्ये विलीन होण्याचा होता, हे फारसे कोणी सांगत नाही. घरात, बाजारात आणि मासळीच्या धक्क्यावर गुजराती बोलणाऱ्या त्या लोकांनी गुजरातला नकार दिला. भाषा एक असली म्हणजे कारभारही एक हवा, हे त्यांना पटले नव्हते, आणि गोव्यातील बहुसंख्यांनीही आपल्यापुरते वेगळे काही म्हटले नव्हते.

पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. तो दिवस गोव्यात दरवर्षी साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा, पण त्याच दिवशी दीवची विधानसभेतील जागा गेली. दमण आणि दीव यांना मिळून लोकसभेची एक जागा उरली आणि बाकीचा कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेलीशी विलीनीकरण झाल्यावर दीव आणखी मोठ्या प्रदेशाचे आणखी लहान टोक झाले. राजधानी दमण. समुद्रातून पाहिले तर ती खंभातच्या आखाताच्या पलीकडच्या तीरावर आहे, पण रस्त्याने जायचे तर सगळ्या आखाताला वळसा घालावा लागतो. उच्च न्यायालय तर मुंबईचे.

लहान प्रदेशाला विधानसभेचा डामडौल कशाला, असे यावर हमखास विचारले जाते. याचे उत्तर पुदुच्चेरीत आहे. ज्या १९६३ च्या कायद्याने दीवला आमदार दिला, त्याच कायद्याखाली पुदुच्चेरीची विधानसभा आजही चालते, आणि केरळच्या किनाऱ्यावरील माहे व आंध्रच्या किनाऱ्यावरील यानम या दूरच्या तुकड्यांना तिथे प्रत्येकी एक जागा आहे. २०११ च्या जनगणनेत माहेची लोकसंख्या सुमारे ४२ हजार होती आणि दीवची ५२ हजार. नायब राज्यपाल आणि निवडून आलेले सरकार यांच्यात तिथे रस्सीखेच चालते, हे मला मान्य आहे, पण रस्सीखेच व्हायला निदान दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागते.

प्रशासकांच्या काळात काहीच झाले नाही, असे मी म्हणणार नाही. दीवची दिवसाची विजेची गरज पूर्णपणे सौरऊर्जेवर भागू लागली आणि फुदमच्या खडकाळ जमिनीवरील पॅनेलच्या रांगा पाहून कोणालाही बरेच वाटेल. दीवमधल्याच घोघळ्याच्या किनाऱ्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांसाठीचे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. प्रश्न कामांचा नाही, ती कोणाच्या इच्छेने, कोणत्या क्रमाने आणि कोणाला विचारून होतात, याचा आहे.

पैशाचा हिशेब पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. विधानसभा नसलेल्या केंद्रशासित प्रदेशाचा महसूल भारताच्या संचित निधीत जमा होतो आणि खर्चाची तरतूद दिल्लीहून येते. शनिवार-रविवारी सौराष्ट्रातून आणि अहमदाबादेकडून गाड्या भरभरून येतात, बार तुडुंब भरतात, बाटलीवरचे उत्पादन शुल्क दिल्लीच्या खात्यात पडते, आणि रिकामी बाटली मात्र दीवच्या गल्लीत किंवा घोघळ्याच्या वाळूत पडते, जिथला कचरा उचलणे हे नगरपालिकेचे काम आहे. ज्या धंद्यामुळे हा भार पडतो त्याच्या करातला वाटा नगरपालिकेला हक्काने मिळत नसेल, तर तिथला नगरसेवक किती खमका आहे याने फारसे काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण तिचाही संबंध याच्याशी आहे. पूर्वी दीवचे व्यापारी आणि गवंडी मोझांबिकला जात. आता पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारावर तरुण मुले युरोपात जातात, आणि इंग्लंडमधील लेस्टरमध्ये दीव-दमणकरांची चांगली मोठी वस्ती आहे. दीवच्या वणाकबारा या मासेमारी गावात बोटी आणि मासळी अजून आहेत, पण पुढची पिढी बोटीवर चढेल की विमानात, हे मासेमारीचे आणि जमिनीचे नियम कोण ठरवतो यावरही अवलंबून आहे.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दमण-दीवने अपक्ष उमेदवार निवडून दिला. त्या निकालाचे अनेक अर्थ लावले गेले. माझ्या मते, मतदाराला बोलायला पाच वर्षांतून एकच मोठी संधी मिळत असेल, तर तो ती अशीच वापरणार. पुदुच्चेरीसारखी विधानसभा द्यायची नसेल, तर निदान उत्पादन शुल्काचा ठरावीक हिस्सा कायद्याने नगरपालिकेला आणि पंचायतींना मिळावा, आणि दीवच्या किनाऱ्यावरील कोणताही प्रकल्प त्यांच्या ठरावाशिवाय पुढे जाऊ नये. ही मागणी दीवकरांनी तर करावीच. गोव्याच्या विधानसभेनेही तिला पाठिंब्याचा एक ठराव करायला हरकत नाही, कारण जवळपास चोवीस वर्षे दीवचा आमदार त्याच सभागृहात बसत होता.