'फक्त वायर बदलते' म्हणे!

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे या विषयात माझ्याहून जास्त जाणकार. मजकूर थोडक्यात असा: लँडलाइनचं भाडं कशाला भरताय? इंटरनेट फोन, म्हणजे नेटवरून चालणारा घरचा फोन घ्या. फक्त वायर बदलते, बाकी सगळं तेच. वीज गेली तरी चालतो. नेटचा स्पीड असला की आवाज लँडलाइनपेक्षा चांगला. इमर्जन्सी नंबर तसेच लागतात. नंबर तोच राहतो. अलार्म, फॅक्स सगळं चालतं. आणि जवळजवळ फुकट!

मी स्वतः गेली सहा वर्षं इंटरनेट फोन वापरतेय आणि तांब्याच्या तारेकडे परत जाण्याचा माझा काडीमात्र विचार नाही. म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. यावर विश्वास ठेवून लँडलाइन काढणारा माणूस पहिल्या अडचणीला इंटरनेट फोनलाच शिव्या घालणार.

'फक्त वायर बदलते'

मूळ घोळ इथेच आहे. जुन्या लँडलाइनचा तुमच्या घरातला भाग म्हणजे एक ठोकळा. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण व्हायचं, एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा करंट तारेतून वाहू लागायचा, तिथल्या यंत्राला कळायचं की या घरी फोन उचललाय, आणि डायल टोन यायचा. घंटी वाजवायला लागणारा साधारण ९० व्होल्टचा एसीसुद्धा तिकडूनच. बॅटऱ्या त्यांच्या, जनरेटर त्यांचा, रात्रपाळीचा माणूसही त्यांचा.

इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे बारीक तुकडे करून ते नेटवर सोडायचं काम घरातला अडॅप्टर (फोन नेटला जोडणारी छोटी डबी) किंवा राउटर करतो. डायल टोनसुद्धा तोच तयार करतो. म्हणजे एक्सचेंजचा एक कोपरा तुमच्या टीव्हीखालच्या कप्प्यात येऊन बसतो. त्याला वीज पुरवणं, तो गरम होऊन हँग झाला तर बंद-चालू करणं, त्याचा पासवर्ड बदलणं, हे सगळं आता तुमच्याकडे. मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक दावा याच ठिकाणी लंगडा पडतो.

'वीज गेली तरी चालतो'

मीही असंच समजत होते. राउटरला यूपीएस लावला होता, मोठ्या ऐटीत. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा राउटरचे दिवे छान चालू, वायफायही दिसतंय, आणि फोन उचलला तर ढिम्म. दहा मिनिटं शोधाशोध केल्यावर लक्षात आलं की फायबर ज्या पांढऱ्या डबीत येते, ती ओएनटी, तिचा प्लग दाराशेजारच्या वेगळ्या सॉकेटमध्ये होता. राउटर जागा, पण त्याला बाहेरचं जगच नाही. तेव्हा बॅकअप द्यायचा तर साखळीतल्या प्रत्येक डब्याला: ओएनटी किंवा मॉडेम, राउटर, अडॅप्टर, आणि फोन कॉर्डलेस असेल तर त्याचा बेससुद्धा.

एवढं करूनही घराबाहेरचं काय? घरोघरी येणाऱ्या फायबरच्या बहुतेक जाळ्यांमध्ये कंपनीच्या केंद्रापासून घरापर्यंत मध्ये वीज लागत नाही, प्रकाश काचेच्या स्प्लिटरमधून नुसता वाटला जातो. केबल टीव्हीच्या तारेवरून नेट येत असेल तर मात्र रस्त्यात ॲम्प्लिफायर असतात आणि त्यांना वीज लागते. त्यांची बॅटरी संपली की तुमचा यूपीएस कितीही दणकट असो, उपयोग शून्य.

ब्रिटनमध्ये ज्यांना घरच्या फोनशिवाय पर्याय नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान १ तास इमर्जन्सी कॉल करता येईल अशी सोय कंपनीने दिली पाहिजे, असं तिथल्या ऑफकॉम या नियामकाचं म्हणणं आहे. एक तास. जुनं एक्सचेंज बॅटरी आणि जनरेटरवर त्याच्या कितीतरी पट वेळ तग धरायचं.

लँडलाइनवाल्यांनीही फार खूश होऊ नये. घरात फक्त कॉर्डलेस फोन असेल तर तुमची तार जिवंत असूनही वीज गेल्यावर फोन मेलेलाच. तारेच्या जोरावर चालायचा तो साधा, वायरवाला फोन.

'नेटचा स्पीड असला की आवाज चांगला'

स्पीडचा इथे फारसा संबंध नाही. जी.७११ ही आवाजाची जुनी, साधी पद्धत. त्यात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक ८ बिटचा, म्हणजे ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट; एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस). आवाजाचे हे तुकडे बांधून सेकंदाला ५० पाकिटं पाठवायची आणि प्रत्येकावर पत्त्यांचा मजकूर चिकटवायचा, तर साधारण ८० केबीपीएस होतात. तुमच्याकडे १०० एमबीपीएस असो की २०, एका कॉलला त्यातला चिमूटभरच लागतो.

आवाज बिघडतो तो पाकिटं वेळेवर न पोचल्यामुळे. घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलने सुट्टीचे चारशे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की अपलोडची रांग तुंबते, तुमच्या आवाजाची पाकिटं त्या रांगेत अडकतात आणि पलीकडच्याला तुम्ही पाण्याखालून बोलताय असं वाटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की एका बाजूने जाणारा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा. त्याहून फार उशीर झाला की दोघं एकमेकांवर बोलू लागतात, मग दोघं थांबतात, मग दोघं परत एकदम सुरू. म्हणून राउटरमध्ये फोनला प्राधान्य देण्याची सेटिंग असेल तर ती लावा. स्पीड वाढवण्याआधी ते करून बघा.

'लँडलाइनपेक्षा चांगला' हे अर्धसत्य आहे. लँडलाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, इंटरनेट फोनवर ७,००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो आणि तो फरक कानाला खरोखर जाणवतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या कंपन्यांना ते जमायला हवं. समोरचा जुन्या फोनवर असेल तर सगळं परत ३४०० वरच. आणि गंमत म्हणजे तांब्याच्या तारेतला आवाजही एक्सचेंजला पोचल्यावर कित्येक वर्षांपासून याच ६४ केबीपीएसच्या साच्यात घातला जातोय. ॲनालॉग, म्हणजे आकड्यांत न बदललेला, होता तो फक्त घरापासून एक्सचेंजपर्यंतचा तुकडा.

'इमर्जन्सी नंबर तसेच लागतात'

या एका ओळीसाठी मी हा लेख लिहायला बसले.

लँडलाइनचा नंबर भिंतीतल्या तारेला बांधलेला असतो आणि तारेचा पत्ता कंपनीच्या दप्तरात असतो. तुम्ही नुसतं रडलात तरी कुठून फोन आला ते काढता येतं. इंटरनेट फोनचा पत्ता म्हणजे तुम्ही फॉर्ममध्ये जो लिहिला तो. अडॅप्टर बॅगेत टाकून दुसऱ्या शहरात नेलात तरी नंबर आनंदाने चालतो, हा त्याचा मोठा फायदा आणि नेमका हाच धोका. २००८ साली कॅनडात कॅलगरीच्या एका कुटुंबाने आजारी बाळासाठी इंटरनेट फोनवरून मदत मागवली. ॲम्ब्युलन्स गेली ती त्यांच्या जुन्या, हजारो किलोमीटर दूरच्या मिसिसॉगातल्या पत्त्यावर. बाळ वाचलं नाही.

घर बदललं की सामान उतरवायच्या आधी फोनच्या खात्यातला पत्ता बदला. आणि ज्या ॲपवर आपण दिवसभर फुकट बोलतो, त्यातली बरीचशी इमर्जन्सी नंबर लावूच देत नाहीत. 'फोन आहे की ॲपवर' असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

'अलार्म, फॅक्स सगळं चालतं'

कधी कधी. फॅक्सचे सूर आवाज दाबून पाठवणाऱ्या पद्धतींत विस्कटतात. टी.३८ नावाची खास सोय दोन्हीकडे असेल तर निभतं. पण फॅक्स गेला नाही तर परत पाठवता येतो. वृद्धांच्या गळ्यातलं मदतीचं बटण तसं नसतं. ब्रिटनमध्ये डिजिटल, म्हणजे इंटरनेटवरच्या लाइनवर गेल्यानंतर अशी उपकरणं बंद पडल्याचे गंभीर प्रकार घडले, २०२३च्या डिसेंबरात कंपन्यांना सक्तीची बदली थांबवावी लागली, आणि जुनं जाळं बंद करायची मुदत २०२५च्या अखेरीवरून जानेवारी २०२७वर गेली. घरात चोरांचा अलार्म, लिफ्टचा फोन किंवा असं बटण असेल तर लाइन बदलल्यावर ते प्रत्यक्ष दाबून बघा. दिवा लागतोय म्हणजे पलीकडे निरोप पोचतोय असं नाही.

'नंबर तोच राहतो'

देशादेशाचे नियम वेगळे, पण क्रम सगळीकडे एकच: आधी नंबर नव्या कंपनीकडे पोचू द्या, मग जुनी लाइन बंद करा. उलट केलंत तर नंबर गेला म्हणून समजा. आणि नेट जर त्याच तांब्याच्या तारेवरून डीएसएलने येत असेल, तर लँडलाइन काढताना आपण बसलेली फांदी तोडत नाही ना, ते विचारून घ्या.

'जवळजवळ फुकट'

नेट आधीपासून असेल आणि परदेशी कॉल बरेच असतील तर बचत खरीच आहे. फक्त हिशेबात यूपीएस आणि दर काही वर्षांनी त्याची नवी बॅटरी धरा. शिवाय अडॅप्टरचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलात तर कोणीतरी रात्रभर तुमच्या खात्यावरून महागडे परदेशी नंबर फिरवू शकतो आणि बिल तुमच्या नावावर येतं. लँडलाइनमध्ये ही चोरी करायला निदान तारेपर्यंत चालत यावं लागायचं.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय त्याचं, माझी जुनी लँडलाइन आहे, मी काढणारच नाही." मी तिला मेन स्विच बंद करून रिसीव्हर कानाला लावायला सांगितलं. तिने लावला. टोन नाही. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस 'लाइन अपग्रेड' करून गेला होता. फोन तोच, नंबर तोच, वायर मात्र भिंतीतल्या जुन्या सॉकेटऐवजी दिवे लुकलुकणाऱ्या एका डबीत घुसवलेली. त्या डबीला बॅटरी नव्हती. आता आहे.