दोन सोनोग्राफींवर फुटण्याची तारीख निघत नाही

पोटातल्या महाधमनीला आलेल्या फुग्याबद्दल, म्हणजे ॲन्युरिझमबद्दल, एक संदेश फिरतोय: 'फुगा वर्षाला ३ मिलिमीटर वाढतो. सहा महिन्यांच्या अंतराने दोन सोनोग्राफी करा, वेग काढा. ५.५ सेंटिमीटरला पोचला की फुटतो. डॉक्सिसायक्लिन घेतली तर आटतो.' (डॉक्सिसायक्लिन म्हणजे एक अँटिबायोटिक.) चार दावे आहेत. पहिल्यात थोडं तरी तथ्य आहे.

३ मिलिमीटर हा आकडा अगदीच हवेतला नाही. २०१३ मध्ये 'रेस्कॅन' या संशोधकांच्या गटाने १८ अभ्यासांतल्या १५,४७१ रुग्णांची मापं एकत्र केली. त्यात ३ सेंटिमीटरचा फुगा वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर वाढताना दिसला, ५ सेंटिमीटरचा ३.६. म्हणजे ३ चा आकडा लागू पडतो तो साडेचार सेंटिमीटरच्या आसपास, सगळीकडे नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत वाढ वर्षाला ०.३५ मिलिमीटरने जास्त, मधुमेह असलेल्यांत सुमारे ०.५ ने कमी. (मधुमेहाच्या खात्यावर बहुधा एवढीच एक जमा!)

खरा घोळ दोन सोनोग्राफींत आहे. पडद्यावर कर्सर कुठे टेकवला, त्यावर माप ठरतं. इंग्लंडच्या तपासणी मोहिमेत धमनीच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत मोजतात. इतर काही ठिकाणी बाहेरून बाहेर. एवढ्यानेच काही मिलिमीटर इकडेतिकडे होतात. त्यात पोटावर फिरवायचा प्रोब जरा तिरका झाला, आतड्यात गॅस असला, की आणखी भर. समजा जानेवारीत ४२ मिलिमीटर आले, जुलैत ४५. संदेशाच्या हिशेबाने वेग वर्षाला ६ मिलिमीटर! पण सहा महिन्यांचा फरक दुप्पट करताना मापातली चूकही दुप्पट झाली, त्याचं काय?

म्हणून संख्याशास्त्रज्ञ एकाच माणसाची दोन टिंबं जोडून रेघ पुढे ओढत नाहीत. त्यांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक रुग्णाला स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा वेग असतो. मात्र ज्याची मापं थोडी, त्याचा अंदाज गटाच्या सरासरीकडे खेचला जातो. आणखी एक खाच आहे. ज्यांचा फुगा झपाट्याने वाढतो त्यांचं ऑपरेशन होतं आणि ते यादीतून गळतात. उरलेल्यांची साधी सरासरी काढली, तर पुढच्या वर्षांत वाढ मंदावल्याचा भास होतो. त्यासाठी वाढ आणि ऑपरेशन किंवा फुटणं यांना एकत्र बांधणारी मॉडेलं लागतात.

५.५ ला फुगा फुटतो, हे तर साफ खोटं. पुरुषांमध्ये ऑपरेशनचा विचार करायचा तो हा उंबरठा. ब्रिटनमधल्या चाचणीत ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या १,०९० रुग्णांपैकी काहींचं ऑपरेशन लगेच केलं, बाकीच्यांवर नुसती नजर ठेवली. १९९८ मध्ये निकाल आला: घाई केल्याने कुणी जास्त जगलं नाही. स्त्रियांमध्ये मात्र तेवढ्याच व्यासाला फुटण्याचा धोका जवळपास चौपट, म्हणून त्यांचा उंबरठा बरेचदा ५ धरतात.

राहिली डॉक्सिसायक्लिन. अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला: दोन वर्षांत ही गोळी घेणाऱ्यांचा फुगा आणि औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांचा फुगा सारखाच वाढला. तरी 'माझा ४५ चा ४३ झाला' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ४५ हे माप चुकून मोठं आलं असेल, तर पुढचं काही न घेताही खालीच येणार.