जुनी फ्रेंच भित्तिपत्रके : ‘उरलेले सारे बनावट’ हा दावा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच जाहिरात-भित्तिपत्रकांविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो : ती भिंतींवर लागली आणि पावसात नष्ट झाली, म्हणून आज विकायला येणारे बहुतेक बनावट असते, आकार लहान असेल किंवा पाठीला कापड असेल, तर नक्कीच.

भिंतींवरच्या प्रती नष्ट झाल्या हे खरे आहे. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांचे पॅरिसच्या ‘मुलँ रूज’ या नृत्यगृहासाठीचे १८९१ चे भित्तिपत्रक सुमारे ३००० प्रतींत छापले गेले आणि त्यांतल्या फार थोड्या वाचल्या. परंतु सगळ्याच प्रती भिंतीवर गेल्या हे गृहीतकच चुकीचे आहे. एर्नेस्त मँद्रों यांनी सचित्र भित्तिपत्रकांवर १८८६ मध्येच ग्रंथ प्रसिद्ध केला होता, आणि १८९१ मध्ये एदमों सागो हे पॅरिसचे व्यापारी संग्राहकांसाठी विक्रीची यादी छापत होते. जाहिरातीचा मजकूर चढवण्यापूर्वीच्या काही प्रतीही हौशी ग्राहकांसाठी वेगळ्या काढल्या जात. डिंक न लागलेल्या, घरांत जपलेल्या या प्रतींमुळेच आज अस्सल माल बाजारात दिसतो.

लहान आकाराचा आक्षेप तर माहितीच्या अभावातून आला आहे. भित्तिपत्रकांचे नामवंत चित्रकार झ्यूल शेरे यांच्या देखरेखीखाली १८९५ ते १९०० या काळात ‘ले मेत्र द लाफीश’ ही माला वर्गणीदारांसाठी दरमहा निघत असे. तिच्यात निवडक भित्तिपत्रकांच्या २४० लहान आवृत्त्या आल्या आणि त्यांवर शाईविना उठवलेला शिक्का असे. त्या त्याच काळातल्या आहेत, बनावट नाहीत; मात्र त्यांना भिंतीवरचे मूळ भित्तिपत्रक म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि माझा राग त्या विक्रेत्यांवर आहे.

पाठीचे कापड हा जतनाचा भाग आहे. हे कागद पातळ, स्वस्त आणि आम्लयुक्त असल्याने घड्यांवर फाटतात, म्हणून त्यांना पाण्याने सुटणाऱ्या खळीने कापडावर बसवतात. कापडाकडे पाहण्याऐवजी कापलेले समास आणि वरून रंगवलेले भाग पाहावेत.

खरी कसोटी भिंगाची आहे. ही भित्तिपत्रके शिळाछापाने, म्हणजे दगडावर काढलेल्या चित्रावरून, छापली जात. शिळाछापात रंगाचे अनियमित कण आणि शिंतोडे दिसतात, तर आधुनिक पुनर्मुद्रणात ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते. रविवर्मा यांच्या छापखान्यातली जुनी चित्रे ज्यांनी भिंगाखाली पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांना शिळाछापाचे हे कण ओळखीचे वाटतील.