‘उन्हाच्या दाबाने दुपारी जीपीएस सरकतं’? हिशेब तपासू

हर्णै ते मालवण, मच्छीमारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सूर्यप्रकाश उपग्रहांना ढकलतो, म्हणून भर दुपारी पॉइंट दहा-पंधरा मीटर सरकतो. दाब गुणिले क्षेत्रफळ एवढं गणितही जीपीएसवाल्यांना जमत नाही. रात्री दाब नाही, तेव्हा जीपीएस अचूक.’ सुरुवात खरी आहे, म्हणून पुढचंही खपून जातं.

‘प्रकाश ढकलतो.’ हो. पृथ्वीजवळ काळ्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर सुमारे ४.५ मायक्रोन्यूटन, आरशावर दुप्पट. त्यातून जीपीएस उपग्रहाचा वेग सेकंदाला मीटरच्या जेमतेम एक कोटीव्या भागाने बदलतो. पण हे साचत जातं. हिशेबात धरलं नाही, तर दिवसभरात कक्षेचं भाकीत काहीशे मीटर चुकेल.

‘दुपारी जास्त.’ दुपार आपली. २०,२०० किमीवर आपल्या मध्यरात्रीही बहुतेक उपग्रह उन्हातच असतात. पृथ्वीच्या सावलीत ते वर्षातून दोनदा, काही आठवड्यांच्या हंगामात शिरतात. एका फेरीत फार तर तासाभरासाठी.

‘दाब गुणिले क्षेत्रफळ.’ म्हणजे उपग्रह हा गुळगुळीत गोळा मानणं. प्रत्यक्षात तो सौर पॅनेलांचे पंख लावलेला खोका. खोक्याची उन्हाकडची बाजू सतत बदलते, आणि प्रत्येक बाजू प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषते, परावर्तित करते. पंख सूर्याकडे वळलेले असतात, पण रोख किंचित चुकला की पंखांच्या अक्षाच्या दिशेनेही बारीक ढकल मिळते. तिला ‘वाय-बायस’ म्हणतात. ती मूळ दाबाच्या शंभराव्या भागाएवढीच, तरी सोडता येत नाही. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या ‘ईकॉम’सारख्या मॉडेलांत तीन अक्ष धरतात: सूर्याकडचा, पंखांचा आणि दोन्हींना काटकोनातला. त्यांचे आकडे जमिनीवरच्या स्थानकांच्या मोजणीतून काढून कक्षा पुढे चालवतात. खरी पंचाईत सावलीत शिरताना-निघताना आणि उपग्रह झपकन तोंड फिरवतो तेव्हा.

हे सगळं जमिनीवर उरकतं. बोटीवरच्या रिसिव्हरला कक्षेचे तयार आकडे मिळतात आणि ते साधारण दर दोन तासांनी बदलतात.

मग दुपारी सरकतं कशाने? आयनोस्फिअरमुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे. तिथले इलेक्ट्रॉन दुपारी दोनच्या सुमारास सर्वाधिक. सिग्नलच्या वाटेतले इलेक्ट्रॉन ‘टीईसी युनिट’मध्ये मोजतात. ते १०० युनिट असतील तर एल-१ या जीपीएसच्या मुख्य सिग्नलच्या अंतरात १६ मीटरची भर पडते, आणि एका फ्रिक्वेन्सीच्या रिसिव्हरमधलं ठरावीक सूत्र त्यातलं साधारण निम्मंच काढतं.

‘रात्री अचूक’ हेही सरसकट नाही. सौरचक्र जोरात असताना, मार्च-सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर आपल्या अक्षांशांवर सिग्नल लुकलुकतो आणि रिसिव्हरची उपग्रहांवरची पकड सुटते.

तांडेलांनी बोट जेटीला बांधून तोच पॉइंट पहाटे आणि दुपारी दोनला नोंदवावा. मग प्लॉटरमध्ये (नकाशा दाखवणाऱ्या जीपीएस यंत्रात) एसबीएएस, म्हणजे उपग्रहावरून येणारी जीपीएसची दुरुस्ती, चालू करून पुन्हा. भारताची अशी सेवा म्हणजे ‘गगन’. तिची दुरुस्ती आयनोस्फिअरचीही असते; दुपारचा फरक आटला, तर दोष बहुधा आयनोस्फिअरचा.