‘गॅरेजमधली अंधश्रद्धा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘कोकणातल्या गाडीला कोणते ऑइल?’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने आणि दुसऱ्यांदा चष्मा लावून. आपण पुण्यात असता आणि यंत्र अभियंता आहात, हे आपण पहिल्याच ओळीत सांगितले आहे आणि शेवटच्या ओळीत पुन्हा एकदा सांगितले आहे, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या, टर्बो नसलेल्या आणि वर्षाकाठी जेमतेम साडेतीन हजार किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल गाडीत महागडे सिंथेटिक (अधिक प्रक्रिया करून बनवलेले) इंजिन ऑइल घालून ते वर्षभर ठेवण्यापेक्षा साधे मिनरल (कच्च्या तेलापासून साध्या शुद्धीकरणाने काढलेले) ऑइल घालावे आणि ते वर्षातून दोनदा, एकदा आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी व एकदा दसऱ्यानंतर, बदलावे, एवढेच मी लिहिले होते. ओघात, सिंथेटिक घातल्यावर माझ्या गाडीतून ऑइल गळू लागल्याचा अनुभवही सांगितला होता. त्यावर आपण पाच आक्षेप घेतले आहेत.

त्यातला एक मला मान्य आहे आणि तो मी मोकळ्या मनाने मान्य करतो. ऑइलच्या डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे वजन असे मी लिहिले होते, ते चूक आहे. ते अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे; त्याआधीचा आकडा थंडीतल्या ऑइलबद्दल असतो आणि नंतरचा तापलेल्या ऑइलच्या दाटीबद्दल. लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र ही चूक दाखवून देताना आपण माझ्याच मुद्द्याला हातभार लावला, हे आपल्या लक्षात आले नसावे. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांना. आमच्या गुहागरात पौषातल्या पहाटे पारा सोळा-सतरापर्यंत उतरला तरी लोक कानटोप्या काढतात. उणे ३० अंशांना इंजिन फिरावे म्हणून मी जादा पैसे का मोजावेत, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठेही सापडले नाही. साध्या सकाळीही पातळ ऑइल इंजिनाच्या माथ्यापर्यंत लवकर पोहोचते असे आपण लिहिले आहे, पोहोचत असेल.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. आपले वाक्य असे आहे : “सिंथेटिकमुळे सील गळतात ही गॅरेजमधली अंधश्रद्धा आहे, गावच्या मेस्त्रीच्या ऐकीव गोष्टी विज्ञान म्हणून खपवू नयेत.”

अंधश्रद्धा हा शब्द महाराष्ट्रात किती जपून वापरावा लागतो, हे आपल्यासारख्या सुशिक्षित माणसाला सांगण्याची वेळ येऊ नये. माझ्या गाडीला लिंबू-मिरची नाही. घाट चढण्यापूर्वी मी नारळ फोडत नाही. रेडिएटरचे पाणी पाहतो. १९९४ साली मी वाहन परवाना काढला, तोही वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर हात बसवून, आणि त्या गाडीचे ऑइल बदलताना बादली धरण्याचे काम त्याच्याही आधीपासून माझ्याकडे होते. तीस वर्षे जो माणूस दर रविवारी बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा काढतो आणि उजेडात धरून पाहतो, त्याला अंधश्रद्ध म्हणण्याआधी निदान एक रविवार आपण त्याच्या शेजारी उभे राहायला हवे होते.

घडले ते असे. २०१६ साली घाटावरच्या एका मोठ्या शहरात, एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये, मी गाडी दिली. तोपर्यंत आठ वर्षे त्या इंजिनाने मिनरल १५डब्ल्यू-४० खेरीज काही चाखले नव्हते. “साहेब, फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घाला, इंजिन लोण्यासारखे चालेल,” असे तिथल्या तरुणाने सांगितले आणि मी मोहात पडलो. इंजिन खरोखरच मऊ चालले, हे मी नाकारत नाही. तीन आठवड्यांनी खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, चिऱ्यांवर (जांभ्या दगडांवर) रुपयाएवढा डाग दिसला, चतुर्थीपर्यंत तो भाकरीएवढा झाला आणि डिपस्टिकवरची पातळी खालच्या खुणेला टेकली. चिरा तेल पितो, त्यामुळे नेमके किती गळले ते कधीच कळत नाही; वर दिसते त्याच्या दुप्पट आत मुरलेले असते.

गाडी चिपळूणला आमच्या मेस्त्रींकडे नेली. त्यांनी टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) काढले आणि त्याखालचे पॅकिंग, म्हणजे गळती रोखणारे सील, दोन बोटांत धरून वाकवले, ते भाजलेल्या पापडासारखे मोडले. त्यांचे म्हणणे असे की, पॅकिंग आधीच वाळून कडक झाले होते. जाड ऑइल आणि कडेला साचलेली काजळी यांच्या आधारावर ते तग धरून होते आणि पातळ, धुऊन काढणारे ऑइल आल्यावर तो आधार गेला. शंभर अंशांना ३० ग्रेडच्या ऑइलची दाटी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असते आणि ४० ग्रेडची १२.५ ते १६.३ च्या दरम्यान, हे आकडे मेस्त्रींना पाठ नाहीत. पण त्यांच्या बोलण्यात आणि या आकड्यांत मला तरी विरोध दिसत नाही. त्यांनी पॅकिंग नवीन घातले, मी पुन्हा मिनरल १५डब्ल्यू-४० घातले आणि तेव्हापासून आजतागायत चिऱ्यावर एक थेंब नाही. पॅकिंग बदलल्यामुळे गळती थांबली, ऑइल बदलल्यामुळे नव्हे, असे आपण म्हणाल. म्हणा. खळे माझे आहे.

ज्यांना आपण ‘गावचा मेस्त्री’ म्हणून निकालात काढले, त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा शेकडो गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर हे गृहस्थ गल्लोगल्ली फिरून लोकांना एकच सांगत होते : चावी फिरवू नका. पुढचे कित्येक आठवडे त्यांनी चेंबरचे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचे) ड्रेन नट खोलण्यापलीकडे फारसे काही केले नाही. बुडालेल्या गाडीचा नट खोलला की आधी गढूळ पाणी पडते आणि मागाहून ऑइल, कारण पाणी जड असल्यामुळे तळाशी बसलेले असते. ज्याने उतावीळपणे गाडी सुरू केली त्याच्या चेंबरमधून मात्र दाट, दुधाळ चहासारखा काला निघतो. ही गोष्ट ऐकीव नाही. त्या नटाखाली परात धरून मी स्वतः बसलो होतो.

आणि माझा मूळ मुद्दाही पाण्याचाच होता. गुहागरात माझी गाडी बाजारात, व्याडेश्वराच्या देवळात आणि परत, अशी रोज तीन-चार किलोमीटर फिरते. एवढ्या अंतरात इंजिन थंड राखणारे रेडिएटरचे पाणी तापते, ऑइल पुरते तापत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरते, थंड धातूवर तिचे पाणी होते आणि ऑइल तापत नसल्यामुळे ते उडून जात नाही. थोडे न जळलेले पेट्रोलही त्यात मिसळते. श्रावणात माझ्या गाडीचे ऑइल भरण्याचे झाकण उघडा, आतल्या बाजूला पिवळट सायीचा थर दिसेल. ही साय मिनरल ऑइलवर धरते तशीच सिंथेटिकवरही धरते, आणि तिच्यावर उपाय दोनच आहेत : गाडी अधूनमधून चिपळूणपर्यंत दमदार चालवून आणणे किंवा ऑइल लवकर बदलणे. सिंथेटिक ऑइलचा खरा गुण म्हणजे प्रखर उष्णतेत ते लवकर खराब होत नाही. कुंभार्ली घाट भरल्या गाडीने रोज चढणाऱ्याला तो गुण उपयोगी आहे, हे मी लेखातही लिहिले होते. आपण तो परिच्छेद वाचलेला दिसत नाही.

“सिंथेटिक प्रयोगशाळेत घडते आणि मिनरल जमिनीतून उपसले जाते, एवढा फरक तरी लेखकाने समजून घ्यावा,” हे वाक्य आपण लिहिले नसते तर बरे झाले असते. बाजारात सिंथेटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑइलपैकी पुष्कळांचे मूळ तेल, तेल उद्योगाने पाडलेल्या गटांपैकी, तिसऱ्या गटातले असते, म्हणजे जमिनीतून उपसलेल्या कच्च्या तेलापासूनच काढलेले आणि उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून शुद्ध केलेले. अशा तेलाला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल या ऑइल कंपनीने कॅस्ट्रॉल या दुसऱ्या ऑइल कंपनीविरुद्ध जाहिरातींच्या स्वनियमन मंडळाकडे तक्रार केली होती आणि १९९९ साली निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. रेणू जुळवून बनवलेले पॉलिअल्फाओलेफिन हे चौथ्या गटात येते, आणि डब्याच्या दर्शनी बाजूवरून त्यात नेमके काय आहे हे सहसा कळत नाही. अभियंत्याला हे माहीत असायला हवे होते, असे मी म्हणणार नाही. पण आपण माझ्याबद्दल तसेच म्हटले आहे.

उरलेल्या आक्षेपांना फार जागा देण्याची गरज वाटत नाही. ऑइलचा प्रकार आणि ऑइलचा ग्रेड यांची मी गल्लत केली, म्हणजे १५डब्ल्यू-४० सोडून ५डब्ल्यू-३० घातले आणि दोष सिंथेटिकला दिला, असे आपण म्हणता. हा शब्दांचा कीस आहे. मी जे घातले ते गळले. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे सरकारी निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरला कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या मानकाचेच ऑइल लागते आणि माझा सल्ला ऐकून कोणी तिथे साधे ऑइल घातले तर फिल्टर चोंदेल, असाही इशारा आपण दिला आहे. तो बरोबर आहे. परंतु मी २००८ सालच्या पेट्रोल गाडीबद्दल लिहीत होतो. शीर्षकात नुसतेच ‘कोकणातल्या गाडीला’ असे होते हे खरे, पण समजूतदार वाचक शीर्षकाखालचा मजकूरही वाचतो. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत तापमानाचा तक्ता आहे, त्यात आमच्या हवेसाठी १५डब्ल्यू-४० दिलेले आहे, आणि प्रत्येकाने आपापली पुस्तिका उघडावी असे वाक्य आता लेखात घातले आहे. ते आपल्या सांगण्यावरून घातलेले नाही. बऱ्याच दिवसांपासून मनात होते.

राहता राहिला हिशेब. वर्षातून दोनदा मिनरल घालण्याचा खर्च एकदा सिंथेटिक घालण्याएवढाच होतो, मग वाचले काय, असा आपला प्रश्न आहे. मी बिले काढून पाहिली. मेस्त्रींची मजुरी आणि फिल्टर धरून गेल्या वर्षी दोन वेळचे मिळून २,९६० रुपये झाले. सिंथेटिक एकदाच घातले असते तर सुमारे ३,१०० झाले असते. म्हणजे १४० रुपये वाचले आणि झाकणाखालची साय वर्षातून दोनदा पुसली गेली.