गाडी तापते? निदानाच्या फंदात पडू नये
गाडीचे इंजिन तापू लागले की आपण पहिली दक्षता ही घ्यावी की, ते नेमके केव्हा तापते याकडे मुळीच लक्ष देऊ नये. सिग्नलला उभे असताना तापमानाचा काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, एवढे जरी आपल्या तोंडून निसटले, तरी मेकॅनिकचे लक्ष थेट रेडिएटरच्या पंख्याकडे, त्याच्या फ्यूजकडे आणि रिलेकडे (पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे) जाईल. उलट भरधाव वेगात किंवा चढावर तापते असे सांगितले, तर तो चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारी झडप) यांचा विचार करू लागेल. दोन्ही प्रसंगी काम लवकर संपण्याचा धोका आहे. तेव्हा "गाडी गरम होते, बघून घ्या" एवढे म्हणून किल्ली द्यावी आणि निघावे.

मेकॅनिकने बॉनेट उघडण्यापूर्वीच "थर्मोस्टॅट गेलाय" असे सांगितल्यास त्याच्या अंतर्ज्ञानापुढे नतमस्तक व्हावे. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतात आणि तो काढून गरम पाण्यात सोडला की उघडतो की नाही हे डोळ्यांनी दिसते. पण असा पुरावा मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. थर्मोस्टॅट बदलूनही काटा चढलाच, तर वॉटर पंप बदलावा, मग रेडिएटर, मग सेन्सर. जुना थर्मोस्टॅट निर्दोष होता हे कळेपर्यंत तो भंगारात गेलेला असतो, आणि मेलेल्याची बाजू कोण मांडणार?

प्रेशर टेस्टचे नाव निघाले तर मात्र सावध व्हावे. यात थंड इंजिनाच्या रेडिएटरला झाकणाच्या जागी हातपंप जोडून झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतका दाब देतात आणि पंपावरचा दाबाचा काटा खाली येतो का ते पाहतात. दाब उतरला आणि बाहेर थेंबही दिसला नाही, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या सीलचा) संशय येतो. मग निळे रसायन घेऊन कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) वाफेत जळालेला वायू मिसळतो आहे का ते तपासतात, आणि ते पिवळे पडले की संशयाला बळकटी येते. या सगळ्यात एकही सुटा भाग बदलला जात नाही! नुसत्या पाहण्याचे पैसे द्यायचे? त्यापेक्षा तीन अनावश्यक भागांचे बिल आनंदाने भरावे. निदान जुने भाग पिशवीत घालून घरी तरी नेता येतात.

(एका बाबतीत उपरोध बाजूला ठेवतो: तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे कूलंट शंभर अंशांच्या वर असू शकते आणि झाकण निघताच ते उसळून अंगावर येते.)

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना इंजिन थंडच असावे. कोपऱ्यापर्यंत एक फेरी पुरे. इंजिन पुरते तापू देऊन, पंखा आपोआप सुरू होतो आणि बंद होतो हे पाहण्यासाठी मेकॅनिकसह पंधरा-वीस मिनिटे थांबण्याचा बालिश आग्रह धरू नये. तो पंखा आपल्याला पुढच्या सिग्नलवर ऐकू येईलच, किंवा येणार नाही.