देह मागायला गेलेला माणूस

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाने 'विश्वासाचे वीर' असा कार्यक्रम ठरवलाय. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं पोस्टर आलं. आयाळ पिंजारलेला सिंह, मागे ज्वाळा, खाली ठळक अक्षरांत 'भिऊ नका'. पोरांनी मनापासून केलंय, त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. पण ते बघून बायकोने विचारलं, "मग भिणाऱ्यांनी यायचं नाही का?" तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. पोस्ट लांबलीय, सवडीने वाचा.

धैर्य म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. चार हुतात्मा चौकातून आमचं रोजचं जाणं-येणं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघे फासावर गेले, हे आम्ही शाळेत पाठ केलं. रविवारी शब्बाथ शाळेत गेलं की तिथे बायबलमधले वीर: सिंहांच्या गुहेतला दानीएल, गोफण घेतलेला दावीद, दगडांचा मारा झेलणारा स्तेफन. माझ्या मनात पक्कं बसलं की जीव पणाला लागतो तेव्हाच धैर्य लागतं. आणि मला कोण सिंहापुढे टाकणार? म्हणजे आपली पाळी येणारच नाही. या समजुतीत मी बरीच वर्षं आरामात काढली.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, एक माणूस आहे, ज्याच्यावर आपल्याकडे फारसे उपदेश होत नाहीत. अरिमथाईकर योसेफ. यहूद्यांच्या न्यायसभेचा सभासद, पैसेवाला, मान असलेला. शुभवर्तमान लिहिणारा योहान त्याच्याबद्दल स्पष्ट लिहितो की तो येशूचा शिष्य होता, पण लोकांच्या भीतीने गुपचूप. येशू गावोगाव फिरत होता, हजारोंची गर्दी जमत होती, तेव्हा हा पुढे आला नाही. आणि सगळं संपल्यावर, वधस्तंभावर देह लटकत असताना, पट्टशिष्य पेत्रासारखे पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी ओळखत नाही' म्हणून मोकळे झाल्यावर, हा उठला आणि रोमी सुभेदार पिलाताच्या दारात गेला. त्याने देह मागितला. दुसरा शुभवर्तमानकार मार्क सांगतो की तो धीर धरून गेला. धीर धरावा लागला, म्हणजे भीती होतीच की.

आता बघा, यातून त्याला मिळणार काय होतं? येशू गेलेला. पुनरुत्थानाची कुणाला कल्पना नाही. राजद्रोही म्हणून मारलेल्या माणसाचा देह मागायचा म्हणजे आपलं नाव सरकारदरबारी नोंदवून घ्यायचं. शव शिवलं की नियमशास्त्राप्रमाणे सात दिवस विटाळ, आणि सण तोंडावर आलेला. सोबतीला आला निकदेम. तोही पूर्वी येशूकडे रात्री, अंधारात भेटायला आलेला. दोन भित्री माणसं, शंभर शेर गंधरस-अगरू आणि एक देह. मला हे दृश्य गोल्याथ पाडणाऱ्या दावीदापेक्षा मोठं वाटतं.

हे मला बायबल वाचून कळलं असतं तर बरं झालं असतं. कळलं ते २०२० च्या उन्हाळ्यात.

आमच्या मंडळीतल्या एक विडी कामगार मावशी कोरोनाने गेल्या. एकुलता मुलगा स्वतः क्वारंटाइनमध्ये. पाळकसाहेबांचा मला फोन आला, "दफनाला चौघे लागतात. येता का?" मी म्हणालो, "घरी आई आहे, पंच्याहत्तरीची." खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं. आई नसती तरी मी काहीतरी शोधलंच असतं. पाळकसाहेब "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. ते 'बरं, बरं' अजून कानात आहे.

गेले कोण? एक निवृत्त एसटी ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणतात. साखरेचा त्रास, उपासनेत कायम शेवटच्या बाकावर, प्रार्थना करायला सांगितली तर मान हलवून नाही म्हणणारे. दवाखान्यात देह ताब्यात घ्यायचा फॉर्म होता. त्यात रकाना होता, 'मृताशी नाते'. मामांनी लिहिलं, भाऊ. आडनाव जुळत नाही हे तिथल्या बाबूने पाहिलं, एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला.

मे महिना, रणरणतं ऊन, अंगावर तो प्लास्टिकचा किट. लॉकडाऊनमुळे पेटी करायला सुतार मिळाला नव्हता, पिशवीतला देह दोरांनीच खाली सोडावा लागला. चष्म्यावर वाफ धरल्याने मामांना खड्ड्याची कड दिसत नव्हती. पाळकसाहेब "पाय मागे घ्या, मामा, मागे" असं ओरडत होते. हे मला नंतर पाळकसाहेबांनीच सांगितलं. मी घरात पंख्याखाली बसलो होतो.

पुढे कधीतरी मी मामांना विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली की ओ. दवाखान्याच्या गेटवरनं दोनदा गाडी वळवून परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो."

पोस्टरवर छापायचंच असेल तर हे छापा, असं मला वाटतं. अटकेच्या आदल्या घटकेला गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू व्याकूळ झाला, हा प्याला टळू दे म्हणाला. मग आपण आपल्या वीरांच्या गोष्टीतून भीती का गाळून टाकतो? हिटलरला विरोध करणारे जर्मनीतले पाळक बोनहोफर १९३९ मध्ये अमेरिकेत सुखरूप पोचले होते. तिथे त्यांचा जीव रमेना, थोड्याच आठवड्यांत ते परत फिरले. ९ एप्रिल १९४५ ला नाझींनी त्यांना फाशी दिलं. आपण फाशीची तारीख सांगतो. मला मात्र परतीच्या बोटीवरची ती रात्र जास्त जवळची वाटते.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील उपासमारीने गेलेले पाहिलेली ही बाई. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ती स्वतः मध्य प्रांतात गेली आणि अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आली. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी सांगितली जाते ती दुसरी गोष्ट. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे हाल झाले, तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून इंग्रज सरकारला जाब विचारला. राज्यकर्ते त्यांच्यासारखेच ख्रिस्ती, रमाबाईंच्या कामाला मदत करणारे कित्येक लोकही इंग्रज. तरी लिहिलं. परक्याविरुद्ध बोलायला जेवढं बळ लागतं, त्याच्या दुप्पट आपल्याच माणसांना बोलायला लागतं.

म्हणून मला आजच्या आपल्या मंडळ्यांची काळजी वाटते. बाहेरच्यांकडून होणाऱ्या त्रासावर आपण तासन्‌तास बोलतो. तो त्रास खरा आहे, भाड्याने घर बघताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो हे मी अनुभवलंय. पण मंडळीच्या जागांचा, पैशांचा हिशोब विचारायची वेळ आली की आपण सगळे एकदम नम्र होतो. "शांती राखा", "प्रभू बघेल", "घरातली भांडणं बाहेर नकोत". मागच्या वर्षीच्या सभेत एक ताई उठल्या, एकट्या. जमाखर्चाची प्रत हातात होती, हात थरथरत होता, कागदाचा आवाज मागच्या बाकापर्यंत येत होता. त्यांनी एका आकड्याबद्दल विचारलं. कुणीतरी म्हणालं, "बसा, बसा." त्या बसल्या नाहीत. शेवटी त्यांच्या बाजूने एकच हात वर झाला, मामांचा. माझा नाही. दुसऱ्यांदा नाही.

तरुण संघातल्या पोरांनो, कार्यक्रम जरूर करा, मी येणार आहे. वर्गणीही देतो. फक्त त्या ताईंना आणि मामांना बोलवा. मामा भाषण करणार नाहीत, त्यांना तो फॉर्म कसा भरला एवढंच विचारा.

या वर्षीची सभा येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. तो आकडा यंदाही तसाच आहे, मी प्रत आणून पाहिलंय. प्रश्न कागदावर लिहून बायबलमध्ये ठेवलाय, मार्कच्या पंधराव्या अध्यायात, योसेफ देह मागायला जातो तिथे. काल रात्री दोनदा काढून खिशात घातला आणि दोनदा परत ठेवला.